पहिल्या खेपेचा कन्सोल: बेळगावातून प्लेस्टेशन ५ घेतानाचा माझा अनुभव

नवा गेमिंग कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, बाजारात येताच घ्यावा की वर्ष-दोन वर्षे थांबावे, हा प्रश्न मला आजही अनेकजण विचारतात, कारण आमच्या ओळखीच्या लोकांत सोनीचा प्लेस्टेशन ५ सर्वांत आधी माझ्या घरी आला. माझे उत्तर विचारणाऱ्याच्या खिशावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक त्याच्या टीव्हीखाली आज काय आहे यावर असते. ज्याच्याकडे आधीच्या पिढीचा कन्सोल आहे, त्याने थांबावे. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला पहिल्याच वर्षी घेणे परवडू शकते. मी दुसऱ्या गटातला होतो. प्लेस्टेशन ४ मी फक्त मित्रांच्या घरी खेळलो होतो.

मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात काम करतो. नव्या ड्रॉइंगवरचा पहिला लॉट आणि तोच जॉब वर्षभर चालल्यानंतरचा लॉट यांतला फरक मला रोज मापताना दिसतो. पहिला लॉट वाईट असतो असे नाही, उलट त्यावर सर्वांचे लक्ष असल्यामुळे तो पुष्कळदा काळजीपूर्वक केलेला असतो. पण कोठे माल जास्त लागतो आणि कोणता स्क्रू बसवताना हात अडतो, हे नंतरच कळते. कन्सोलकडेही मी त्याच नजरेने पाहत होतो आणि तरीही मला तो पहिल्या खेपेतच हवा होता.

प्लेस्टेशन ५ अमेरिका आणि जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० रोजी विक्रीस आला. भारतात तो २ फेब्रुवारी २०२१ रोजी येणार असल्याचे जाहीर झाले आणि आगाऊ नोंदणी १२ जानेवारीला दुपारी बारा वाजता सुरू झाली. डिस्क ड्राइव्ह असलेल्या कन्सोलची किंमत ४९,९९० रुपये होती. त्या दिवशी मी जेवणाची सुट्टी आधी मागून घेतली होती. एका संकेतस्थळाने शहापूरच्या माझ्या घरचा पिन कोड टाकताच येथे माल पोहोचवत नसल्याचे सांगितले. दुसऱ्याने पत्ता घेतला, पैसे भरण्याच्या पानापर्यंत नेले, ओटीपीही आला, आणि तो टाकून होईपर्यंत माल संपल्याची पाटी झळकली. काही मिनिटांत देशभरातील सगळी खेप हातोहात संपली होती. पुण्या-बेंगळुरूच्या खरेदीदारांचेही तेच झाले, पण त्यांना निदान दुकानात जाऊन यादीत नाव घालण्याची सोय होती. सीमाभागातल्या मध्यम शहरात राहणाऱ्या माणसाला पहिल्या खेपेत वाटाच फार थोडा असतो, आणि ही अडचण 'घ्यावा की थांबावे' या चर्चेत कोणी जमेस धरत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यानंतर मी येथील बाजारपेठ पालथी घातली. एका दुकानदाराने माल मिळवून देतो म्हणून सांगितले, पण सोबत दोन गेम आणि एक जादा कंट्रोलर घ्यावा लागेल, कन्सोलचे बारा-तेरा हजार वर द्यावे लागतील आणि बिल मिळणार नाही, अशा तीन अटी घातल्या. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे कायद्याने गुन्हा आहे हे त्यालाही ठाऊक होते, म्हणूनच तर बिल नव्हते. मला त्या जादा पैशांपेक्षा बिल नसण्याची भीती अधिक वाटली. नव्या यंत्राला पहिले वर्षच कसोटीचे असते, आणि नेमके त्याच वर्षाची वॉरंटी सोडून देऊन ते विकत घ्यायचे, हा व्यवहार कोणत्याही किमतीला योग्य नाही असे माझे ठाम मत आहे.

शेवटी कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडे मी फोनवरून नाव नोंदवले आणि बयाणा पाठवला. मार्चमध्ये त्यांचा फोन आला: "साहेब, एका गिऱ्हाइकानं नोंदणी रद्द केलीय. उद्या-परवा येणार असाल तर तुमच्यासाठी ठेवतो, नाहीतर पुढच्याला सांगतो." एरवी बेळगावहून कोल्हापूर म्हणजे महामार्गाने दोन तासांचा रस्ता, सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परतता येते. पण त्या दिवसांत महाराष्ट्रातील कोरोनाचे रुग्ण पुन्हा वाढू लागल्यामुळे कर्नाटकाने तिकडून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतील आरटी-पीसीआर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला होता, आणि निपाणीच्या पुढे कोगनोळी नाक्यावर गाड्या थांबवून तो तपासला जात होता. जाताना कोणी अडवणार नव्हते, अडचण परतीची होती. म्हणून आधी बेळगावात नमुना द्यायचा, अहवाल हाती येताच निघायचे आणि मुदत संपण्यापूर्वी नाका ओलांडून परत यायचे, असा हिशेब बसवावा लागला. विक्रेत्याने तेवढा धीर धरला, हे मी त्यांचे उपकारच मानतो.

दुकानात मी खोका उघडण्याआधी बिल पाहिले. बिलावर कन्सोलचा अनुक्रमांक लिहिलेला असावा, तो खोक्यावरील आणि यंत्रावरील क्रमांकाशी जुळावा आणि तारीख त्याच दिवसाची असावी, या तीन गोष्टी मी प्रत्येक खरेदीदाराला आवर्जून सांगतो. विशेषतः दुसऱ्या गावातून वस्तू आणताना, कारण पुढे वॉरंटीची वेळ आली तर आपण त्या दुकानाच्या दारात उभे नसतो, हाती केवळ तो कागद असतो. परतीच्या वाटेवर नाक्यावरील पोलिसांनी अहवाल पाहिला, मागच्या सीटवरचा खोका पाहून आत काय आहे ते कन्नडमध्ये विचारले आणि जाऊ दिले.

घरी आल्यावर स्टँड बसवताना माझ्या धंद्याची सवय जागी झाली. कन्सोलचे वजन साडेचार किलो, आणि उभा ठेवायचा तर खालचा स्टँड स्क्रू-ड्रायव्हरने आवळावा लागत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परदेशात जी सुधारित आवृत्ती आली, तिचे वजन ४.२ किलोपर्यंत उतरले, उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग लहान झाला आणि तो स्क्रू हाताने फिरवता येईल असा झाला. २०२२ मध्ये मुख्य चिप अधिक बारीक प्रक्रियेवर बनू लागली आणि वजन ३.९ किलोवर आले; पुढे स्लिम ही सडपातळ आवृत्ती आली ती ३.२ किलोची. हे आकडे मी कौतुकाने लक्षात ठेवले आहेत. कार्यक्षमता तीच ठेवून माल कमी करत नेणे हे उत्पादनातले खरे कसब आहे. मात्र खेळणाऱ्याच्या दृष्टीने माझ्या जड यंत्रात आणि त्या हलक्या यंत्रात पडद्यावर काहीच फरक नाही, हेही तितकेच खरे आहे.

फरक पडला तो साठवणुकीत. आतल्या ८२५ जीबीच्या एसएसडीपैकी, म्हणजे गेम साठवण्याच्या भागापैकी, गेमसाठी सुमारे ६६७ जीबीच मोकळी राहते, आणि आत दुसरी एसएसडी बसवण्याची जागा दिलेली असूनही ती वापरण्याची सोय सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपर्यंत सुरूच झाली नव्हती. माझा मॉनिटर १४४० पी चा, म्हणजे फुल एचडी आणि ४के यांच्या मधला. त्याला पाठिंबा मिळायला सप्टेंबर २०२२ उजाडला. पहिल्या खेपेचा ग्राहक पूर्ण किंमत देतो आणि काही सोयी त्याला हप्त्याहप्त्याने मिळतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी थांबणेच बरे.

तरीही ते पहिले वर्ष मला इतके भरभरून गेले, याचे कारण नव्या गेममध्ये नव्हते. नव्या डिस्कची किंमत पाच हजारांच्या घरात होती आणि केवळ प्लेस्टेशन ५ साठी बनलेले मोठे गेम बोटांवर मोजण्याइतके. पण प्लेस्टेशन ४ च्या डिस्क या कन्सोलवर चालतात. येथील आणि कोल्हापूरच्या मुलांकडून मी वापरलेल्या डिस्क अगदी थोड्या पैशांत घेतल्या. २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' घ्या: भारतात कन्सोल विक्रीस आला त्याच २ फेब्रुवारीला त्या गेमचे अपडेट आले आणि तो सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे अधिक सफाईने, चालू लागला. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' ही या कन्सोलवर ६० फ्रेमने चाले. शिवाय प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या सशुल्क सेवेचे सदस्य असणाऱ्यांना मागच्या पिढीतील सुमारे वीस निवडक गेमचा संच मिळत असे; ती सोय मे २०२३ मध्ये बंद झाली. म्हणजे उशिरा येणाऱ्याला तो संच मिळालाच नाही. एप्रिलअखेरीस कर्नाटकात टाळेबंदी लागली आणि कारखाना बंद झाला, तेव्हा आधीच्या पिढीतले उत्तमोत्तम गेम माझ्यासमोर एकाच वेळी होते. डिस्क ड्राइव्ह नसलेला स्वस्त नमुना घेतला असता तर यातले निम्मे साधले नसते.

वळवाच्या पावसात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. खेळ चालू असताना वीज गेली की पुढच्या वेळी कन्सोल आधी स्वतःची साठवणूक तपासत बसतो, आणि अपडेट चालू असताना गेली तर जीव टांगणीला लागतो. म्हणून मी पहिल्याच पावसाळ्याआधी संगणकासाठी वापरतात तसा लहान यूपीएस जोडला. नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटे मिळाली तरी पुरते.

आता किमतीकडे येतो, कारण 'थांबा, स्वस्त होईल' हा सल्ला सर्वांत जास्त दिला जातो. पूर्वी तो खरा होता. प्लेस्टेशन ३ अमेरिकेत २००६ मध्ये ५९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये त्याची स्लिम आवृत्ती २९९ डॉलरला मिळू लागली. निन्टेंडोने तर २०११ मध्ये ३डीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलची किंमत सहा महिन्यांच्या आत २४९.९९ वरून १६९.९९ डॉलरवर आणली आणि आधी घेणाऱ्यांची समजूत घालण्यासाठी वीस जुने गेम मोफत दिले. प्लेस्टेशन ५ च्या बाबतीत मात्र उलट घडले: नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतातील किंमत ५४,९९० झाली. २०२३ च्या उन्हाळी सवलतीत ती काही काळ ४७,४९० पर्यंत उतरली. म्हणजे ज्याने अडीच वर्षे वाट पाहून नेमका तो काळ साधला, त्याचे अडीच हजार वाचले. ज्याने तो चुकवला, त्याला पाच हजार जास्त मोजावे लागले. यापुढे किंमत उतरेल या आशेवर थांबू नका, असे मी स्पष्ट सांगतो. थांबण्याची कारणे वेगळी आहेत.

ती कारणे माझ्या खानापूरच्या भाच्याच्या उदाहरणात दिसतात. त्याच्याकडे प्लेस्टेशन ४ होता. २०२१ मध्ये माझा कन्सोल पाहून तो म्हणाला, "मामा, आम्ही पण घेऊया की आता." मी त्याला येणाऱ्या गेमची यादी काढायला लावली. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट', 'ग्रॅन टुरिस्मो ७', 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' हे २०२२ मधील तिन्ही मोठे गेम त्याच्या जुन्या यंत्रावरही येणार होते आणि आलेही. त्याला हवा असलेला 'स्पायडर-मॅन २' ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, तो मात्र फक्त प्लेस्टेशन ५ वर. एप्रिल २०२४ मध्ये स्लिम भारतात आली आणि त्याने ती ५४,९९० रुपयांना घेतली: १ टीबी साठवणूक, काढता-घालता येणारा डिस्क ड्राइव्ह, खोक्यातून काढल्या दिवसापासून सगळ्या सोयी चालू. दुकानातून पक्के बिल घेऊन तो तासाभरात घरी पोहोचला. पाच हजार जास्त देऊनही त्याची खरेदी त्याच्यासाठी योग्य होती आणि माझी माझ्यासाठी.

थांबण्याचे आणखी एक कारण दुरुस्तीचे आहे, आणि सीमाभागात ते मोठ्या शहरांपेक्षा जड भरते. एक्सबॉक्स ३६० या कन्सोलच्या सुरुवातीच्या यंत्रांत लाल दिवे लागून ती बंद पडण्याचा दोष इतका पसरला होता की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. कंपनीने जबाबदारी घेतली हे चांगलेच झाले, पण माझ्या कन्सोलसारखे साडेचार किलोचे यंत्र नीट बांधून कुरिअरने दूरच्या शहरात पाठवायचे आणि परत येईपर्यंत वाट पाहायची, हा ताप ग्राहकालाच सोसावा लागतो. तो सोसण्याची तयारी असेल, तरच पहिल्या खेपेत उतरावे.

भाच्याने अलीकडे निन्टेंडोच्या स्विच २ या कन्सोलची गोष्ट काढली आहे. तो ५ जून २०२५ रोजी अनेक देशांत आला, पण भारतात त्याची अधिकृत विक्री सुरू झाली नाही. येथे मिळतो तो बाहेरून आणलेला, कंपनीची भारतीय वॉरंटी नसलेला. त्याच्या मित्राचा भाऊ जपानमध्ये नोकरीला आहे आणि तिकडे तो २०२५ मध्ये ४९,९८० येनला आला म्हणून आणून देतो म्हणाला. मी भाच्याला सांगितले की तो केवळ जपानी भाषेचा, जपानपुरताच नमुना आहे. अनेक भाषांचा तेथेच ६९,९८० येनला आला होता. मागवायचाच असेल तर दुसरा मागवावा, बिल मूळ दुकानाचे घ्यावे आणि बिघडला तर तो जपानलाच परत पाठवावा लागेल हे धरूनच पैसे मोजावेत. त्याने अजून निर्णय घेतलेला नाही. मित्राचा भाऊ दिवाळीत गावी येणार आहे, तोपर्यंत त्याला वेळ आहे.