तुम्ही विचारलंत म्हणून: विरोधकांच्या ओरडण्याने वॉर्डात काही फरक पडतो का

जिन्यात भेटणाऱ्या काकू, भाचीच्या सासरची मंडळी, पेन्शनच्या कामाला बँकेत गेले की तिथला मुलगा, सगळे मला फिरून फिरून एकच विचारतात. "सिस्टर, तुम्ही एवढी वर्षं सरकारी दवाखान्यात काढलीत, मग सांगा ना, ते विरोधी पक्षवाले अधिवेशनात दवाखान्यांवरून एवढं ओरडतात, पायऱ्यांवर बसतात, त्याने खरंच काही होतं का हो?" दर अधिवेशनाला हेच. जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही ते, म्हणून लिहायला बसले.

होतं. पण टीव्हीवर दिसतं तिथे नाही होत. मी २९ वर्षं नर्स होते, शेवटची नऊ पुण्याजवळच्या एका सरकारी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर, आणि अधिवेशन लागलंय हे आम्हाला बातम्यांच्या आधी कळायचं कारण ऑफिसमधून फोन यायचा, "सिस्टर, एलएक्यू आलाय, अर्ध्या तासात माहिती द्या." म्हणजे कुठल्यातरी आमदाराने तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं तो) टाकलाय नाहीतर लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना) लावलीये, तो मंत्रालयातून आयुक्तालयात, तिथून उपसंचालकांकडे, तिथून सिव्हिल सर्जनकडे, मेट्रनकडे (सगळ्या नर्सच्या प्रमुख) आणि शेवटी माझ्या टेबलावर. मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती, औषधांचा तुटवडा आहे का. एका हाताने सलाईन बघायची आणि दुसऱ्या हाताने ते रकाने भरायचे.

एकदा औषधांच्या रकान्यात मी "निरंक" लिहिलंय, म्हणजे तुटवडा काहीच नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे अँटिबायोटिकची दोन इंजेक्शनं नव्हती, नातेवाइकांना चिठ्ठी देऊन बाहेरून आणा सांगत होतो, पण आदल्या संध्याकाळी स्थानिक खरेदीतून थोडे व्हायल आले, तर वरून सांगण्यात आलं की आज आहेत ना, मग तुटवडा निरंक. मी सही केली. सभागृहातली छापील उत्तरं तुम्ही वाचली असतील तर तुम्हाला माहिती असेल, पहिल्या भागाला "हे खरे नाही" असं उत्तर गेलं की पुढच्या भागाला "प्रश्न उद्भवत नाही". रात्री अकरा वाजता पोरासाठी इंजेक्शन शोधत मेडिकलची दुकानं पालथी घालणारा एक बाप मी त्याच आठवड्यात बघितला होता. ती सही मला अजून सलते.

पण दुसऱ्या एका अधिवेशनाला आलेला प्रश्न वेगळा होता. कुणी विचारला मला माहिती नाही, पण ज्याने विचारला त्याने आधी कुठल्यातरी नर्सशी बोलून घेतलं असणार. त्यात मंजूर पदं किती असं नव्हतंच, एका महिन्यात रात्रपाळीला प्रत्यक्ष हजर नर्स किती, तारखेनुसार द्या, असं होतं. आता ह्याला निरंक कसं लिहिणार? ड्यूटी चार्टची झेरॉक्सच द्यावी लागली. नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबाने साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स पाहिजे, आणि माझ्या चार्टवर ४० खाटा, खाली गाद्या टाकून ५५ पेशंट, रात्री एक सिस्टर आणि एक मावशी, म्हणजे वॉर्डातली मदतनीस. आठ दिवसांत दोन बंधपत्रित सिस्टर (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याचा बाँड असलेल्या) आल्या. अधिवेशन संपल्यावर महिन्याभरात एकीला प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे नेलं, पण दुसरी राहिली. एक सिस्टर म्हणजे तुम्हाला काहीच वाटणार नाही, पण रात्री दोनला एका कोपऱ्यात एकाला झटके येतात आणि त्याच मिनिटाला दुसऱ्याचा श्वास लागतो तेव्हा दोन सिस्टर असणं म्हणजे काय ते मला विचारा.

२०२३ मधलं नांदेड आठवत असेल तुम्हाला. आधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ जण गेले, मग सप्टेंबर संपता संपता नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४, त्यातली १२ नवजात बाळं. विरोधक तुटून पडले, आणि पडायलाच पाहिजे होतं, मुंबई उच्च न्यायालयानेसुद्धा स्वतःहून दखल घेतली. पण त्याच दिवसांत एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला, आणि तो विरोधी बाजूचा नव्हता, सरकारच्याच बाजूचा होता. तो व्हिडिओ बघून माझ्या हातापायातलं बळ गेलं. कारण आमच्या लाइनीत सगळ्यांना हीच भीती असते, वरच्यांचा राग उतरतो तो खाली वॉर्डात, मामांवर, मावशींवर, रात्रीच्या शिकाऊ डॉक्टरवर. त्या सगळ्या आरोपांत मला कामाचा वाटला तो औषधखरेदीचा मुद्दा. २०१७ पासून खरेदी हाफकिन ह्या सरकारी महामंडळाकडे दिली होती, मागणी गेली तरी माल वेळेत येत नाही ही ओरड वर्षानुवर्षं चालू होती, शेवटी २०२३ मध्ये वेगळ्या खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. तो मुद्दा एका दिवसात नाही झाला, अनेक अधिवेशनं लोकांनी तो लावून धरला म्हणून झाला.

आणि एक गोष्ट मी पक्ष न बघता सांगते. राज्याच्या आरोग्य यंत्रणेवरचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात आला, त्यात डॉक्टरांची साधारण पाव पदं रिकामी आणि नर्सची साधारण एक तृतीयांश. पण तो अहवाल २०१६-१७ ते २०२१-२२ ह्या काळाचा आहे, आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंची सरकारं येऊन गेली. आज बाकांवर उभं राहून जो रिक्त पदं म्हणून ओरडतो त्याच्या काळातही ती रिकामीच होती. म्हणून त्याने गप्प बसावं असं मी अजिबात म्हणत नाही, उलट त्याला खाचाखोचा माहिती असतात, त्याने नेमकं विचारावं. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात राज्यांनी बजेटच्या आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा असं लिहिलंय, आपण त्याच्या बरेच खाली आहोत, हे कुठल्याही बाजूने दरवर्षी विचारण्यासारखं आहे.

विचारणाराच नसला तर काय होतं तेही आपण पुण्यात बघितलं. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, सिंहगड रोडचं आपलं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, विहिरीचं पाणी, दोनशेच्या आसपास पेशंट, धडधाकट माणसं हातापायातली ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर. आणि महापालिकेत तेव्हा एकही नगरसेवक नव्हता, मार्च २०२२ पासून प्रशासकच. तिथली नांदेड, किरकटवाडीसारखी गावं २०२१ मध्ये महापालिकेत घेतलेली, दवाखाना झेडपीचा का पालिकेचा, पाणी शुद्ध करायचं कुणी, हे ओरडून विचारायला सर्वसाधारण सभेत विरोधी पक्षच नव्हता. सभागृहात सत्ताधारीही नव्हते, विरोधकही नव्हते. वर मुंबईत २०२४ च्या निवडणुकीनंतर एकाही विरोधी पक्षाकडे एक दशांश आमदार नव्हते, म्हणून विधानसभेत विरोधी पक्षनेत्याची खुर्चीही रिकामी राहिली. मला त्या खुर्चीची काळजी आमदारांसाठी वाटत नाही, ड्यूटी चार्ट मागवणारं कुणी राहिलं नाही तर तो चार्ट ड्रॉवरमध्येच राहतो म्हणून वाटते.

काल परत काकू भेटल्या. त्यांचा भाऊ तालुक्याच्या गावी असतो, तिथल्या सरकारी दवाखान्याला कंटाळलेला. मी म्हणलं, त्याला सांगा अधिवेशनाच्या आधी आमदाराला एक पत्र द्यायला, आमदार कुठल्याही बाजूचा असू दे. आरोग्यसेवा कोलमडली वगैरे लिहू नका, मागच्या महिन्यात रात्री किती सिस्टर हजर होत्या, तारखेनुसार, एवढंच लिहा. काकू म्हणाल्या, तारखेनुसार म्हणजे कसं लिहायचं ते तुम्हीच सांगा बाई. मग दुधाची पिशवी पायरीवर ठेवून आम्ही तिथेच पाठकोऱ्या कागदावर रकाने आखायला घेतले.