"फक्त चहाच तर घेतलाय डॉक्टर"

पोटाच्या सोनोग्राफीला येणारा दर दुसरा पेशंट हे वाक्य म्हणतोच. आणि मी परत बाहेर बसवलं की नातेवाईकांचं तोंड उतरतं, यांना काय होतंय चहाने वगैरे. होतं हो. लिव्हर दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं, आणि पित्ताची पिशवी असते जेमतेम ३०-५० मिलीची, ती त्यातलं पाणी शोषून पित्त दाट करून ठेवते. पोटात दूध-तूप काही गेलं की आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं आणि पिशवी आकसून पित्त खाली सोडते. दुधाचा चहाही त्यासाठी पुरतो. मग मला स्क्रीनवर दिसते चुरगळलेली पिशवी, भिंत ३ मिमीच्या वर जाड, आणि ही सूज आहे की सकाळचा चहा हे सांगता येत नाही. म्हणून उपाशी.

पिशवी नीट भरलेली असली ना, की खडा बघायला खरंच मजा येते (पेशंटला नाही, मला). पित्त काळं दिसतं, त्यात खडा पांढराशुभ्र, आणि त्याच्या मागे सरळ काळी सावली कारण आवाजाच्या लहरी त्याच्या पलीकडे जातच नाहीत. मग मी म्हणते काकू डाव्या कुशीवर वळा, आणि खडा डोळ्यांसमोर घरंगळत दुसऱ्या टोकाला जातो. जागचा हलला नाही आणि सावलीही नसली तर पॉलिप (पिशवीच्या भिंतीवरची मांसल वाढ) असायची शक्यता जास्त. यासाठी सोनोग्राफीच भारी, बरं का. बरेच जण थेट "सीटी स्कॅनच करून टाका" म्हणून येतात, महाग म्हणजे चांगलं असं डोक्यात असतं, पण बहुतेक खड्यांत कॅल्शियम कमी असतं त्यामुळे साध्या एक्स-रेत ते दिसत नाहीत आणि सीटीतही काही निसटतात.

आणि मुतखड्याचे उपाय इथे लावू नका प्लीज. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, बिअर, काहीही प्या, पित्ताशयातला खडा लघवीतून पडणार नाही, रस्ताच वेगळा आहे. तेल आणि लिंबाचा रस पिऊन "खडे पडले" असे हिरवे गोळे फोटो काढून पाठवतात लोक, ते त्या तेलाचेच पोटात झालेले साबणासारखे गोळे असतात.

आता खरं सांगायचंय ते पॅनक्रिआसबद्दल, म्हणजे स्वादुपिंड. साधारण १५ सेमी लांब, जठराच्या मागे आडवं पडलेलं, डोकं ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) वळणात आणि शेपूट पार डावीकडे प्लीहेपर्यंत. त्याच्या पुढे जठर आणि आतडी, त्यात गॅस, आणि सोनोग्राफीच्या लहरींना हवा ओलांडता येत नाही. आम्ही प्रोब (पोटावर फिरवतो ते यंत्र) दाबतो, श्वास रोखायला लावतो, उठून बसवतो, कधी पाणी पाजतो, लिव्हरच्या डाव्या भागातून डोकावतो, मागची प्लीहेची शीर शोधतो म्हणजे पॅनक्रिआस तिच्या पुढेच असणार. तरी शेपूट बऱ्याचदा दिसत नाहीच. मग रिपोर्टमध्ये एक ओळ जाते, "पॅनक्रिआस ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस". ती कोणी वाचत नाही, सगळे खालचं इम्प्रेशन (निष्कर्ष) वाचतात आणि म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आला. अहो ती ओळ म्हणजे नॉर्मल नाही, ती म्हणजे बघता आलं नाही. नुसतं अपचन असेल तर ठीक, पण वजन उतरतंय, पोटातली कळ पाठीत जातेय, न दुखता कावीळ झालीय, किंवा साठीत अचानक शुगर निघाली आणि सोबत वजनही घटतंय, तर त्या ओळीवर बोट ठेवून डॉक्टरांना विचारा की पुढे सीटी करायचा का.

दुसरं म्हणजे "अय्या ४ मिमीचाच आहे" हा दिलासा. मोठा खडा पिशवीतच बसून राहू शकतो, बारका मात्र नळीत उतरतो, आणि खाली पित्तनलिका आणि पॅनक्रिआसची नळी बहुतेकांत एकत्र येऊन एकाच तोंडाने आतड्यात उघडतात. तिथे अडकला की कावीळ, किंवा पॅनक्रिआसचे पाचक रस, जे एरवी आतड्यात गेल्यावर चालू होतात, ते आतच चालू होऊन त्यालाच पचवायला लागतात. असली कळ माणसाला ताठ झोपू देत नाही, पुढे वाकून बसतो. पॅनक्रिआसच्या या सुजेचं निदान अशा कळेवर आणि रक्तातलं लायपेज (पॅनक्रिआसचं पाचक द्रव्य) नॉर्मलच्या तिपटीच्या वर गेलंय का यावर होऊ शकतं, पहिल्याच दिवशी सीटीसाठी भांडू नका, पॅनक्रिआसचा किती भाग मेलाय हे सीटीत साधारण ७२ तासांनी नीट कळतं.

नळीतला खडा सोनोग्राफीत निसटला असं वाटलं तर एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या आणि पॅनक्रिआसच्या नळ्यांचा एमआरआय. बहुधा कॉन्ट्रास्टचं (नळ्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते) इंजेक्शन लागत नाही, स्थिर पाणी पांढरं चमकतं म्हणून सगळ्या नळ्या उजळून दिसतात आणि खडा तिथे काळा ठिपका. एमआरसीपीत फक्त बघतात, खडा काढायला ईआरसीपी, दुर्बीण तोंडातून घालून. नावं सारखी म्हणून गोंधळ होतो, अपॉइंटमेंट घेताना नीट विचारा.

फॅटी लिव्हर ग्रेड १ वर वेगळं लिहीन, तोवर त्यासाठी कोणी लिव्हर टॉनिकच्या बाटल्या आणू नका.