पाऊचवर छापलेला पत्ता

मार्च महिना हा सांगलीत हळदीचा ऐन हंगाम असतो. वसंतदादा मार्केट यार्डात सौदे सुरू असतात, आडत्यांचे फोन सकाळपासून खणखणू लागतात आणि गणपती पेठेतील आमच्या दुकानात हळकुंडाची पोती उतरवून घेणे, माल कांडपाला पाठवणे, चाळून आलेली पूड पाऊचमध्ये भरणे ही सगळी कामे एकाच वेळी चाललेली असतात. गेल्या वर्षीच्या मार्चमधील अशाच एका मंगळवारी राजकोटच्या एका जुन्या घाऊक ग्राहकाचा फोन आला. त्यांना भाव विचारायचा असेल असे मला वाटले, पण त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "भाभी, दुकान चालू है ना?"

मी चकित होऊन कारण विचारले. त्यांनी आमच्या ईमेलवर मागणी पाठवली होती आणि ती परत आली होती. म्हणून त्यांनी आमचे संकेतस्थळ उघडून पाहिले, तर महिन्याभरापूर्वी तिथे भलत्याच जाहिराती दिसत होत्या आणि आता काहीच उघडत नव्हते. आम्ही धंदा गुंडाळला असे समजून त्यांनी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे चौकशीही केली होती. केवळ जुन्या ओळखीखातर त्यांनी एकदा फोन करून पाहिला.

मी फोन ठेवला आणि समोर पाहिले. भिंतीला टेकवून अर्धा किलोच्या पाऊचचे नवे रोल उभे होते, साधारण अकरा हजार पाऊच निघतील एवढे. प्रत्येक पाऊचवर आमच्या नावाखाली, वजन आणि परवाना क्रमांकाच्या वरच्या ओळीत, संकेतस्थळाचा पत्ता ठळक काळ्या अक्षरांत छापलेला होता. पाऊचच्या छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा असतो. एक अक्षर बदलायचे म्हटले तरी त्या रंगाचा सिलिंडर नव्याने करावा लागतो आणि छापून आलेला माल वाया जातो. आपण ज्याच्याकडे कधी लक्ष दिले नाही, तो पत्ता आपल्या मालाच्या अंगावर गोंदलेला आहे, हे मला त्या क्षणी प्रथमच लख्ख दिसले.

ते संकेतस्थळ कसे तयार झाले होते, तेही सांगायला हवे. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. आमची पेठ पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना सगळ्यात मोठी चिंता ही होती की, बाहेरगावच्या ग्राहकांना आम्ही पुन्हा उभे राहिलो आहोत हे कळणार कसे? त्या घाईत एका ओळखीच्या तरुणाकडून संकेतस्थळ करून घेतले. त्याची छोटी एजन्सी होती. त्याने सगळे केले आणि आम्ही पैसे दिले. पुढे दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे मागितले की देत होतो. संकेतस्थळाचे नाव (डोमेन) कोणाच्या नावे नोंदवले आहे, त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, मुदत कधी संपते, यांपैकी एकही प्रश्न मी त्याला विचारला नाही. दुकानाच्या भाडेकराराचा कागद आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तीन वेळा वाचल्याशिवाय सही केली नव्हती. इथे मात्र आमच्याकडे साधी पावतीसुद्धा नव्हती.

त्या तरुणाचा नंबर बंद होता. माझी पुतणी वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. तिला फोन केला, तेव्हा ती तास संपवून थेट दुकानातच आली. तिने नावाच्या नोंदीची माहिती उघडली आणि तिचा चेहरा गंभीर झाला. "काकू, नावाची मुदत संपून दोन महिने झालेत. आता ते रिडेम्प्शनमध्ये आहे, आणि आज सव्विसावा दिवस आहे."

याचा अर्थ तिने मला समजावून सांगितला, तो इथे सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारख्या अनेकांना तो ठाऊक नसतो. संकेतस्थळाचे नाव आपण विकत घेत नाही, ठरावीक वर्षांसाठी ते आपल्या नावे नोंदवून घेतो. डॉट कॉम नावाची मुदत संपली की नोंदणी करणारी कंपनी काही दिवस वाट पाहते आणि त्या काळात त्या पत्त्यावर बहुधा जाहिराती दिसतात. त्यानंतर तीस दिवसांचा सोडवणुकीचा काळ सुरू होतो. या काळात नाव कुठेच उघडत नाही, पण मूळ नोंदणीदार दंडासारखे वेगळे शुल्क भरून ते परत मिळवू शकतो. हे शुल्क वार्षिक शुल्काच्या कितीतरी पट असते. हे तीस दिवसही गेले की पाच दिवसांनी नाव कायमचे सुटते आणि जगात कोणालाही ते घेता येते. आमच्या हातात चार दिवस होते, पण मूळ नोंदणीदार आम्ही नव्हतोच. नोंदणी करणाऱ्या कंपनीला फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलीने अत्यंत सभ्यपणे सांगितले की, हे खाते तुमच्या नावे नाही, त्यामुळे ज्याच्या नावे आहे त्याने विनंती केल्याशिवाय आम्ही काहीही करू शकत नाही. पाच वर्षे पैसे आम्ही भरले होते, पाऊचवर नाव आमचे होते, मालही आमचाच होता. पण नोंदीत आम्ही कुठेच नव्हतो.

संकेतस्थळ गेल्यापेक्षा ईमेल गेल्याचे संकट मोठे होते, हे दुपारपर्यंत उमगले. आमचा ईमेल त्याच नावावर चालत होता. बँक, विमा, अन्न परवाना, सगळीकडे तोच दिलेला. जीएसटीच्या पोर्टलवरही तोच होता. तिथला ओटीपी मोबाइलवरही येतो म्हणून विवरणपत्रे अडली नव्हती, एवढेच. उद्या ते नाव दुसऱ्या कोणी घेतले आणि त्यावर तसाच ईमेल सुरू केला, तर आमच्या बँकेची पत्रे त्याच्या हाती पडतील, हे पुतणीने सांगितले तेव्हा आबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. "म्हणजे दुकानाची किल्ली गेली म्हण की," ते म्हणाले. त्यांना संगणकातले काही कळत नाही असे आम्ही नेहमी गृहीत धरतो. पण सबंध दिवसात नेमके शब्द त्यांनीच वापरले.

पुतणी स्कूटर घेऊन विश्रामबागेत गेली. त्या एजन्सीत पूर्वी काम करणारा एक मुलगा तिथे मोबाइलच्या दुकानात असतो, एवढाच धागा होता. त्याच्याकडून नवा नंबर मिळाला आणि चारच्या सुमारास त्या तरुणाशी बोलणे झाले. त्याने एजन्सी बंद करून पुण्यात नोकरी धरली होती. मुदत संपत आल्याच्या सगळ्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात होत्या आणि तो ईमेल त्याने कित्येक महिन्यांत उघडला नव्हता. तो ओशाळला, त्याने माफी मागितली आणि मुख्य म्हणजे हातचे काम सोडून संगणकासमोर बसला. सोडवणुकीचे शुल्क मी त्याला यूपीआयने पाठवले. संध्याकाळी साडेसहाला कंपनीचा निरोप आला की विनंती स्वीकारली आहे. पुढच्या दोन दिवसांत नाव परत जिवंत झाले. मग त्याच कंपनीत मी माझे स्वतःचे खाते उघडले आणि नाव त्या खात्यात वळवून घेतले. नोंदणीदार म्हणून आमच्या फर्मचे नाव, माझा मोबाइल आणि वेगळा ईमेल दिला. हा ईमेल त्याच नावावरचा असून चालत नाही, कारण नाव बंद पडले तर नूतनीकरणाची सूचनाही त्याच्याबरोबरच बुडते.

संकेतस्थळाची पाने मात्र गेली होती, कारण होस्टिंग, म्हणजे पाने ठेवण्याची इंटरनेटवरची भाड्याची जागाही त्याने बंद केली होती. जुनी पाने कशी होती हे पाहण्यासाठी पुतणीने इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या संग्रहात, आमचा पत्ता शोधला. तिथे दोन जुन्या प्रती सापडल्या. त्या मंगळवारीच रात्री दुकान बंद केल्यावर आम्ही दोघी त्या वाचत बसलो, आणि माझ्या दृष्टीने त्या दिवसातला सर्वांत लाजिरवाणा भाग तो होता. आमच्या नावाखाली तिथे लिहिले होते की, ही हळद कर्करोग आणि मधुमेह बरा करते. अन्नपदार्थ विकताना रोग बरा होण्याचा दावा करायला कायद्याने मनाई आहे. पुढे लिहिले होते, 'भौगोलिक मानांकन प्राप्त'. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे खरे आणि अभिमानाचे आहे. पण ते आपल्या मालावर लावण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते आणि आम्ही ती केलेली नव्हती. हळदीच्या शेताचे छायाचित्र दुसऱ्याच कुठल्या तरी राज्यातले होते. सचोटीने व्यापार करतो असे म्हणणारी मी, माझ्याच दुकानाच्या दारावर लावलेली पाटी पाच वर्षे वाचली नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या पानांवरून आठवली. तिथे किलोचा भाव लिहिलेला होता. 2023 च्या उन्हाळ्यानंतर हळदीचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा तो आकडा बदलावा म्हणून मी त्या तरुणाला तीनदा निरोप दिला होता. तो बदल व्हायला तीन आठवडे लागले आणि तेवढ्या काळात दोन ग्राहकांना जुन्या भावाने माल द्यावा लागला, कारण लिहिलेला शब्द मोडणे आबांना मान्य नव्हते.

नवे संकेतस्थळ बाहेरून करून घ्यायचे की घरीच करायचे, हा प्रश्न त्याच रात्री उभा राहिला. एका व्यावसायिकाकडून मागवलेले दरपत्रक पस्तीस हजारांचे होते. त्यात खरेदीची टोपली, ऑनलाइन पैसे भरण्याची सोय, ब्लॉग, बारा पाने असे सगळे होते. ते महाग होते असे मी म्हणणार नाही, एवढ्या कामाला तेवढे पैसे पडतातच. पण आम्हाला एवढे काम हवे होते का? पुढचा आठवडाभर मी गल्ल्याशेजारी एक वही ठेवली आणि फोनवर अनोळखी माणसाने काय विचारले ते लिहीत गेले. आजचा भाव काय, जात राजापुरी आहे की सेलम, कमीत कमी किती घ्यावी लागेल, कुरकुमिनचा (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचा) तपासणी अहवाल आहे का, पार्सल कशाने येईल, दुकान नेमके कुठे आहे. हे सहा प्रश्न पुन्हा पुन्हा येत होते. 'तुमचा इतिहास सांगा' असे एकानेही विचारले नव्हते. सहा उत्तरांना चार पाने पुरतात आणि त्यांतली दोन उत्तरे सतत बदलतात: भाव सौद्यावर ठरतो आणि कुरकुमिन प्रत्येक लॉटला वेगळे असते. जो मजकूर आठवड्यातून तीनदा बदलायचा आहे, तो ज्याला सौदा कळतो त्याच्याच हातात असला पाहिजे. घरीच करायचे हे त्या वहीने ठरवले.

पुतणीने दरमहा भाडे भरून तयार साच्यात पाने बनवून देणाऱ्या सेवाही दाखवल्या. त्या सोप्या आहेत, पण तिथली पाने जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेणे अवघड असते. मोफत मिळणाऱ्या जागेचा भरवसाही मर्यादितच; गूगलने व्यवसायांच्या नोंदीसोबत मिळणारी मोफत संकेतस्थळे मार्च 2024 मध्ये बंद केली, हे उदाहरण ताजे होते. म्हणून आम्ही वर्डप्रेस ही संकेतस्थळ बनवण्याची प्रणाली घेतली. ती सर्वांना वापरायला खुली आहे, संकेतस्थळाची पूर्ण प्रत काढून कोणत्याही होस्टिंगवर नेता येते. त्यात एक जबाबदारी आहे: तिच्या नव्या आवृत्त्या वेळेवर बसवल्या नाहीत तर घुसखोरी होते. आम्ही जोडप्रणाली (प्लगइन) दोनच ठेवल्या, अद्ययावत करणे आपोआप होईल अशी व्यवस्था केली आणि प्रत दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काढायची ठरवली.

संकेतस्थळावरच विक्री करून ऑनलाइन पैसे घेण्याची सोय मात्र मी जाणूनबुजून टाळली. ती घेतली की परतावा, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, मालाची सक्तीची माहिती, सगळे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे काटेकोर ठेवावे लागते, आणि ठेवलेच पाहिजे. आम्ही दुकानात चार माणसे आहोत आणि हंगामात ते आमच्याने निभावले नसते. ग्राहक व्हॉट्सॲपवर मागणी देतो, आम्ही भाव पक्का करून बिल पाठवतो, पैसे जमा झाले की माल निघतो.

तीन रविवार गेले. मजकूर मी लिहिला, आबांनी तो मोठ्याने वाचून घेतला आणि जिथे अडखळले तिथे वाक्य बदलायला लावले. रोग बरे करण्याचे एकही वाक्य त्यात नाही. भौगोलिक मानांकनाच्या वापराची नोंदणी होईपर्यंत तो उल्लेखही नाही. छायाचित्रे आम्हीच काढली: उन्हात पसरलेली हळकुंडे, पॉलिश करण्यापूर्वीची आणि नंतरची शेजारी ठेवलेली, कांडपाहून आलेल्या गरम पुडीत बुडवलेला स्टीलचा डाव. ती व्यावसायिकाने काढलेल्या चित्रांइतकी देखणी नाहीत, पण त्यांतला रंग आमच्या मालाचा आहे.

राजकोटच्या ग्राहकांना मी नवा दुवा पाठवला. त्यांचे उत्तर आले ते तपासणी अहवालाविषयी: पानावर ठेवलेला अहवाल कोणत्या लॉटचा आहे ते लिहिलेले नाही, ते लिहा. त्यांचे म्हणणे बरोबर होते. दुपारचे सौदे संपल्यावर मी लॉटचा क्रमांक आणि तपासणीची तारीख तिथे टाकली, त्याच वेळी भावाचा आकडाही बदलला, आणि पाऊच भरणाऱ्या मुलांना भिंतीशी उभा असलेला पहिला रोल यंत्रावर चढवायला सांगितला.