उसन्या लाकडांचा रंगमंच

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी १९९७ च्या स्नेहसंमेलनातील रंगमंचाविषयी लिहीत आहे, कारण त्याचा एकही तुकडा आज शाळेच्या आवारात उरलेला नाही, आणि तसा तो उरू नये याच हिशेबाने तो उभारला होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि माळवदावरची, म्हणजे सपाट छपरावरची, जाड माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. अनेक घरांचे लाकडी खांब आणि तुळया मात्र उभ्याच राहिल्या. ही लाकडे लोकांनी जपून ठेवली होती. पुढे पक्की घरे मिळू लागली, तसे तात्पुरत्या शेडचे पत्रेही मोकळे झाले. मंडपाच्या भाड्याला शाळेकडे पैसे नव्हते, म्हणून कार्यानुभवाच्या सरांनी या दोन्ही वस्तू घरोघरी मागून आणण्याचे ठरवले. अट एकच होती : नेलेले जसेच्या तसे परत करायचे, म्हणजे खिळा ठोकायचा नाही आणि करवत लावायची नाही.

मंचाची सगळी रचना या अटीतूनच ठरत गेली. तुळई कापता येत नसल्यामुळे मंचाची रुंदी आम्ही ठरवली नाही, ती मिळालेल्या तुळयांनी ठरवली. आपली काळी जमीन पाऊस सरला की भेगाळते, तेव्हा खांब पुरण्यात अर्थ नव्हता. म्हणून पडक्या घरांतले तळखडे, म्हणजे खांबांखालचे दगड, आणून त्यांवर ते उभे केले. सुतारमामांनी जुळत होती तिथे मूळचीच कूस (लाकडाचे कोरलेले टोक) खोबणीत बसवली, बाकीचे सांधे दोरखंडाने आवळले आणि खांब डुलू नयेत म्हणून तिरपे टेके दिले. पत्र्यांना जुनी भोके होतीच, त्यांतून तार ओवली. पत्रे समोरून उंच आणि मागे उतरते ठेवल्यामुळे आवाज प्रेक्षकांकडे जाई, तर मागे रचलेल्या कडब्याच्या पेंढ्यांमुळे वारा अडे आणि आवाज घुमत नसे. दिवे तेलाच्या कापलेल्या डब्यांत बसवले होते (डबे परत मागायला कोणी येणार नव्हते), आणि कडबा जवळच असल्याने पाण्याचे पिंप व वाळूच्या बादल्या मंचामागे ठेवल्या होत्या.

प्रेक्षकांवरही छत घालावे, असे एका पालकांनी सुचवले, पण ते कोणीच उचलून धरले नाही. गावातील कित्येक माणसे तेव्हाही उघड्यावरच झोपत. मुलांच्या डोक्यावर हलका पत्रा आहे, मातीचे ओझे नाही, हे सरांनी गावकऱ्यांना मंचावर नेऊन दाखवले, तेव्हा कुठे काही आयांनी मुलींना भारुडात उभे राहू दिले. त्या भारुडाच्या वेळी पुढे बसलेले एक आजोबा मुलींकडे कमी आणि डावीकडच्या खांबाकडेच अधिक पाहत होते. तो त्यांच्या ओसरीचा होता.

मंच उतरवताना प्रत्येक लाकडावरचा गेरूचा आकडा वहीतील नावाशी ताडून पाहिला आणि मगच ते बैलगाडीत चढवले. पुढे त्यांतल्या काही लाकडांच्या नव्या घरांत चौकटी झाल्या. यंदाच्या कार्यक्रमाला भाड्याचा मंडप आहे, आणि ते योग्यच आहे. पण ती वही शाळेच्या कपाटात सापडली, तर प्रदर्शनात अवश्य मांडावी, कारण तिच्यातील बहुतेक घरांची नातवंडे आज याच शाळेत शिकत आहेत.