खानापूर ते शारजा, वाया बेंगळूर (विनाकारण) आणि मुंबई

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सात वर्षं मेंटेनन्स केलं. मग शारजातल्या एका कंपनीकडून सुपरवायझरची ऑफर आली. नोकरी मिळवायला जेवढी धडपड झाली नाही, तेवढी कागदांसाठी झाली. आपल्या भागातून बरीच पोरं यूएईला निघतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला घोळ डिप्लोम्याचा. मी राहायला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, दहावी इथलीच, पण डिप्लोमा कोल्हापूरचा. कंपनीला डिप्लोमा अटेस्ट करून, म्हणजे खरा असल्याचे सरकारी शिक्के मारून, हवा होता. एका एजंटानं सांगितलं, "तुम्ही कर्नाटकातले, मग बेंगळूरलाच होणार." मीही शहाणपणा न करता राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली. सकाळी बेंगळूरला उतरलो आणि दुपारपर्यंत कळलं की कागदाला माझ्या पत्त्याशी काही देणंघेणं नाही. ज्या राज्यानं सर्टिफिकेट दिलं, शिक्काही त्याच राज्याचा. म्हणजे मला जायला हवं होतं मुंबईला. दोन दिवस, दोन रात्रींची झोप आणि तिकिटाचे पैसे गेले. आपल्याकडं अर्धी घरं अशीच आहेत: शाळा इकडं, कॉलेज तिकडं. तेव्हा प्रत्येक कागद हातात घेऊन आधी बघा, वर शिक्का कुठल्या मंडळाचा आहे.

मुंबईचा क्रम असा लागला: आधी तंत्रशिक्षण मंडळाकडून पडताळणी (कार्यालय वांद्रे पूर्वेला, खेरवाडीत), मग राज्य सरकारचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालय, शेवटी यूएईच्या वकिलातीचा शिक्का. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट आपल्या हातून घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडं द्यावे लागतात. 'अपोस्टिल (आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का) करून देतो' म्हणणारे बरेच भेटतील. यूएईसाठी नुसतं अपोस्टिल चालत नाही, वकिलातीचा शिक्का लागतोच. आणि तिथं पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा आणखी एक. तो माझ्या कंपनीनं करून घेतला.

पोलीस क्लिअरन्स (गुन्हा नोंद नसल्याचा दाखला) मात्र पत्त्यावर चालतो, म्हणजे तो आपला बेळगावचाच. पासपोर्ट सेवाच्या साइटवर अर्ज, ५०० रुपये फी, आणि अपॉइंटमेंट बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात मिळाली. राज्य पोलिसांकडून मिळणारा दाखला वेगळा, तो परदेशासाठी काढून पैसे घालवू नका. मग गावच्या पोलीस स्टेशनवरून बोलावणं आलं. "बर्री, कूडरी," म्हणून साहेबांनी बसवलं खरं, पण पुढचं सगळं कन्नडमध्ये. मला बोलता येतं, वाचताना अडखळतो. ज्यांना दोन्ही जमत नाही त्यांनी शेजारचं कुणीतरी सोबत न्यावं, लाजायचं काय त्यात.

गावाच्या नावाची एक भीती होती. १ नोव्हेंबर २०१४ ला (आपण सीमाभागातली मराठी माणसं पाळतो तो काळा दिनच) बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. माझ्या पासपोर्टवर जुनं स्पेलिंग, आधारवर नवं. त्यावरून कुणी अडवलं नाही. अडलं ते माझ्या नावावरून. दहावीच्या मार्क्स कार्डावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर आणि डिप्लोम्यावर पूर्ण नाव. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं अ‍ॅफिडेव्हिट करून ठेवलं होतं म्हणून निभावलं. ते बेळगावातूनच करून निघा.

ऑफर लेटरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण फसवणूक इथंच होते. यूएईच्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर तुम्ही सही केल्यावरच वर्क परमिटची गाडी पुढं सरकते. ते अरबी, इंग्रजी आणि सोबत आपल्याला समजेल अशा भाषेत मिळतं. हिंदी आहे, मल्याळम, तमिळ आहे. मराठी नाही आणि कन्नडही नाही. सीमावाद तिथं बरोबरीत सुटला म्हणायचा! मी हिंदीतलं मागून घेतलं आणि मूळ पगार व भत्ते वेगवेगळे मांडलेत का ते बघितलं. तिथल्या कायद्यानं भरतीचा खर्च मालकाचा. पासपोर्टही मालकानं ठेवून घ्यायचा नाही. "आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बघू," असं कुणी म्हणालं तर घरीच बसा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथं गुन्हा आहे. इकडचा एजंट ई-मायग्रेटच्या (परदेशी नोकरीसाठीच्या भारत सरकारच्या) साइटवर नोंदलेला आहे का, हे तपासायला पाच मिनिटं लागतात. त्याला घेता येणारी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. लाख मागणारे आपल्याच ओळखीतले निघतात, त्याला काय करणार.

चोर्ला घाटानं गोव्याला गेलो आणि तिथून विमान. शारजात मेडिकलला रक्त आणि छातीचा एक्सरे, अर्ध्या दिवसात उरकलं.

एमिरेट्स आयडीसाठी (तिथलं ओळखपत्र) बोटांचे ठसे द्यायला मात्र तीनदा जावं लागलं. वर्षानुवर्षं लोखंड, कूलंट आणि घासपेपर, माझी बोटं मशीनला दिसेनात. आमच्या आबांचा अंगठा रेशन दुकानात उठत नाही तेव्हा मी हसायचो, आता माझीच पाळी. काउंटरवरच्या मलबारी बाईंनी सांगितलं, चार दिवस रात्री खोबरेल लाव, सकाळी कोमट पाण्यानं हात धू आणि मग ये. तिसऱ्या खेपेला उठले. फाउंड्री, वेल्डिंग, गवंडीकामातल्यांनी हे घरून निघायच्या आधीच सुरू करावं.

७८४ नं सुरू होणारा नंबर असलेलं एमिरेट्स आयडी नंतर आलं. तिथं काही अडचण आली तर भारतीय दूतावासाचा मदत क्रमांक ८०० ४६३४२ फोनमध्ये घालून ठेवा.

पुढच्या महिन्यात चुलतभाऊ निघतोय. कंपनीनं त्याच्याकडं दहावीही अटेस्ट करून मागितलीय. दहावी खानापूरची, डिप्लोमा गडहिंग्लजकडचा. त्याला बेंगळूरही चुकत नाही आणि मुंबईही.