पुणे ते कच्छ आणि परत: दोन बाइक, २,७०० किलोमीटर आणि टायर-ऑइल-फिल्टरचा हिशेब

पहिल्याच मुक्कामी, भरूचच्या लॉजच्या आवारात, माझ्या गाडीखाली रुपयाएवढा ऑइलचा डाग दिसला. दिवसभरात पावणेपाचशे किलोमीटर झाले होते, भूक लागली होती आणि धाकटा भाऊ म्हणत होता, "ताई, सकाळी बघू ना, आधी जेवून घे." मी मोबाइलचा टॉर्च लावून खाली बसले. ऑइल फिल्टरच्या झाकणाच्या कडेनं ऑइल झिरपत होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ऑइल बदलून घेतलं होतं. गॅरेजमध्ये गर्दी होती आणि मलाही घाई होती. फिल्टर नवा बसला, पण झाकणाखाली जुनी, चेपलेली ओ-रिंगच (गळती रोखणारी रबरी कडी) परत गेली. सकाळी साडेनऊला एका छोट्या गॅरेजचं शटर उघडलं. तिथल्या काकांनी झाकण काढून रिंग बोटावर फिरवली आणि म्हणाले, "बेन, ये तो दब गई है." त्यांनी डब्यातून मापाची रिंग शोधून बसवली. ऑइल सहन करणारं रबरच लागतं, नळाला वापरतात ती रिंग फुगून बाद होते. पंधरा मिनिटांचं काम होतं, पण मेकॅनिकची वाट बघण्यात आमची पहाट गेली आणि दुपारचं ऊन अंगावर घ्यावं लागलं.

म्हणून कच्छला बाइकवर जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: सर्व्हिसिंग निघायच्या दहा-पंधरा दिवस आधी करा. मग सामान लादून दोन-तीनशे किलोमीटर चालवा, आम्हाला महाबळेश्वरची एक फेरी पुरली असती. परत आल्यावर रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. गळती असेल तर घरीच कळते.

आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघालो. माझी हिमालयन ४११, २०१९ची, आणि भावाची डॉमिनार ४००. एकूण नऊ दिवस. यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर दुचाकी चालत नाही, त्यामुळे जुन्या महामार्गानं लोणावळा, खोपोली, पनवेल, ठाणे, घोडबंदर आणि पुढे मनोर, तलासरी असं गेलो. पहाटे चारला पुणं सोडलं तरच घोडबंदर सुसह्य होतं. वडोदरा-अहमदाबाद एक्स्प्रेसवेवरही दुचाकीला बंदी आहे, आणंद-नडियादचा जुना रस्ता धरा. दुसरा मुक्काम ध्रांगध्रा, तिसऱ्या दिवशी माळिया, सूरजबारीचा पूल आणि भुज.

आता टायर, कारण माझी खरी चूक तिथे झाली.

माझा मागचा टायर १६,००० किलोमीटरनंतर मधोमध सपाट झाला होता. नक्षी शिल्लक दिसत होती, त्यामुळे अजून वर्षभर चालेल असं वाटत होतं. पण हायवेवर सरळ चालून टायरची गोलाई गेली की वळणावर गाडी एकसारखी झुकत नाही, एकदम कडेवर पडल्यासारखी जाते. वरंध घाटात ते जाणवलं आणि बदलायचं ठरवलं. नक्षीची खोली बघताना गोलाईही बघा. मागे उभं राहून डोळे टायरच्या पातळीला आणले की लगेच दिसते.

नवे घेताना डोक्यात कच्छचं रण होतं. रण म्हणजे माती, वाळू, मीठ, असा विचार करून मी बटन टायर घेतले, निम्मे डांबरासाठी आणि निम्मे कच्च्या रस्त्यासाठी असतात ते. प्रत्यक्षात २,७०० किलोमीटरमध्ये डांबर नसलेला रस्ता चाळीस किलोमीटरसुद्धा लागला नाही. आणि पांढऱ्या रणात गाडी घालायचीच नसते. वरचा मिठाचा थर कडक दिसतो, खाली चिखल असतो. वाहनं अलीकडेच थांबतात, पुढे पायी किंवा उंटगाडीनं जायचं. त्या बटनांचा उपयोग मला जवळपास कुठेच झाला नाही. उलट ऐंशीच्या वर हँडलमध्ये बारीक थरथर, दिवसभर कानात घूं घूं, आणि परत येईपर्यंत मागच्या टायरची मधली बटनं एक तृतीयांश झिजलेली. भावाचे साधे रोड टायर या प्रवासाला अगदी योग्य होते. स्पिती किंवा झंस्करला जाणाऱ्यांनी बटन टायर जरूर घ्यावेत. कच्छ, कोकण, हंपी, गोवा यांसाठी डांबराकडे झुकणारा टायरच घ्या. आपण नकाशावर जिथे पोहोचणार ते ठिकाण बघतो, टायर मात्र तिथवरच्या रस्त्यासाठी घ्यायचा असतो.

दुकानात गेल्यावर टायरची कड वाचता आली पाहिजे. माझ्या पुढच्या चाकाला ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची, तिसरा रिमचं माप इंचांत. त्यापुढे भाराचा अंक असतो: ५७ म्हणजे २३० किलो, ६४ म्हणजे २८० किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: पी म्हणजे ताशी १५०, एस म्हणजे १८०. गाडीवर मूळ अंक जो असेल त्याच्या खालचा घेऊ नका, मागे तीस किलोच्या बॅगा बांधणार असाल तर मुळीच नाही. रुबाबासाठी एक माप जाड टायर बसवण्याचा मोहही टाळा, चेनला किंवा मडगार्डला घासतो आणि हँडल जड होतं.

मग चार आकड्यांची तारीख शोधा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मला एका दुकानात तीन वर्षं पडून असलेला टायर 'अगदी नवा' म्हणून दाखवला होता. रबर न वापरताही कडक होतं. आणि बसवताना टायरच्या कडेवरच्या बाणाची दिशा स्वतः बघा. नवा टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, तेवढं जपून चालवा. निघायच्या आदल्या दिवशी टायर बदलू नये, त्याचं हे आणखी एक कारण.

हवा मी पुढे २५ आणि मागे सामानामुळे ३४ पीएसआय ठेवली. सकाळी, गाडी चालू करण्यापूर्वी मोजायची. दुपारी टायर तापला की काटा तीन-चार अंकांनी वर जातो, तेव्हा हवा काढू नका. पंपांवरचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत, दोन पंपांत चार पीएसआयचा फरक मी स्वतः पाहिला. पेनाएवढा प्रेशर गेज खिशात असू द्या.

भुजहून आम्ही पश्चिमेला लखपतला गेलो. १८१९च्या भूकंपानं सिंधूचा प्रवाह वळला आणि हे भरभराटीचं बंदर ओस पडलं. आता किल्ल्याची मोठी तटबंदी, आत गुरुद्वारा आणि तटावर उभं राहिलं की क्षितिजापर्यंत काहीच नाही. मी तिथे तासभर बोलले नाही. परतताना फोटोसाठी गाडी रस्त्याच्या खाली उतरवली आणि मागचं चाक बसलं. गांडो बावळ, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ, कच्छभर माजलेली आहे. तिचा काटा टायर भेदून ट्यूबमध्ये गेला होता.

आऱ्यांचं चाक म्हणजे ट्यूब आलीच. चाक काढणं, लिव्हरनं टायर सोडवणं, ट्यूब बदलणं, पंपानं हवा भरणं, यात दोघांचा सव्वा तास गेला. भावाला असाच काटा धोलावीरेच्या वाटेवर लागला. ट्यूबलेस असल्यानं त्यानं भोकात पंक्चरची रबरी दोरी खोचली, हवा भरली आणि दहा मिनिटांत आम्ही निघालो. ट्यूबवाल्यांनी एक गोष्ट विसरू नये: नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडकं फिरवा. काट्याचं टोक तुटून रबरात राहतं, बाहेरून दिसत नाही आणि नवी ट्यूबही वीस किलोमीटरवर जाते. आमच्या फडक्याला दोन टोकं अडकली. दोन्ही मापांच्या ट्यूब न्यायला जागा नसेल तर पुढची एकवीस इंची घ्या. वेळप्रसंगी ती मागच्या चाकात दुमडून बसते आणि सावकाश गावापर्यंत पोहोचवते.

ऑइलबद्दल मी आता हट्टी झाले आहे. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत १५ डब्ल्यू-५०, सेमी सिंथेटिक, जासो एमए२ (जासो म्हणजे बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) असं लिहिलंय, आणि तेच घालते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा गरम झाल्यावर किती दाट राहतं ते. माझं इंजिन हवेवर आणि ऑइलवर थंड होतं, म्हणजे ऑइलवर वंगणासोबत थंडाव्याचीही जबाबदारी आहे. वीरमगामच्या पुढे दुपारी ट्रकांमागून रखडत जाताना हे पायांना जाणवतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं आहे ते जासो. बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरू लागतो: रेस वाढते, गाडी वाढत नाही. भचाऊजवळ एका दुकानात मला टॉपअपसाठी कारचंच ऑइल पुढे केलं गेलं, "सब एक ही है" म्हणून. एक नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ दिसलं नाही तर परत द्या. सर्वांत सोपा उपाय म्हणजे घरूनच त्याच ऑइलचा अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या बाटलीत न्यायचा. भरूचला त्यातलंच दोनशे मिली लागलं. फुल सिंथेटिक घ्यावं का, असं अनेक जण विचारतात. ते उष्णतेत जास्त टिकतं हे खरं, पण योग्य ग्रेडचं सेमी वेळेवर बदललं तर अशा प्रवासाला पुरेसं आहे. मी ५,००० किलोमीटरला बदलते.

रोज सकाळी गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घेऊन पातळी बघायची. आदल्या रात्रीच्या गरम इंजिनावर घाईत बघितलेली पातळी फसवते. आणि जास्त भरणंही वाईटच.

भुजच्या उत्तरेला खावड्याकडे जाताना एअर फिल्टरची खरी परीक्षा होते. तिकडे सौर आणि पवन ऊर्जेचं अवाढव्य काम चालू आहे, ३० गिगावॉटचं. अवजड ट्रकांची रांग आणि पिठासारखी धूळ. वाटेत भिरंडियाराला थांबून मावा, म्हणजे तिथली खव्याची मिठाई, खाल्ला (नक्की खा), रणाचा परवाना तिथेच मिळतो. पुढे काळो डुंगर: ४६२ मीटर, कच्छमधलं सर्वांत उंच ठिकाण, आणि वर दत्ताचं देऊळ. इतक्या दूर, रणाच्या काठावर दत्तगुरू भेटले की मराठी माणसाचं मन भरून येतं. त्या चढावर भावाची गाडी दम टाकत होती. संध्याकाळी फिल्टर काढला तर पुण्याची वर्षभराची धूळ आणि तीन दिवसांचं कच्छ, दोन्ही त्यात. घड्याच घड्या भरलेल्या. त्यानं निघताना तो बदलला नव्हता.

माझा नवा होता, तरी काढून बघितला. कागदी फिल्टर धुवायचा नाही, आणि पंपाच्या जोरदार हवेनं मारायचाही नाही, कागद फाटतो. हलकेच आपटायचा, हवा मारायची तर आतल्या स्वच्छ बाजूनं बाहेर, कमी दाबानं. फिल्टरची घडी फाटली किंवा कड नीट बसली नाही तर बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा घासते. म्हणून घरून एक जादा फिल्टर पिशवीत गुंडाळून नेला होता, तो परतीला भुजमध्ये बसवला. भावाच्या गाडीचा भुजमध्ये मिळाला नाही. शक्य तितका साफ करून त्यानं तोच पुण्यापर्यंत आणला.

खावडा ते धोलावीरा या रस्त्यावर दोन्ही बाजूंना पांढरं रण असतं आणि मधे काही मिळत नाही. टाकी खावड्यातच भरा, पाणी घ्या, सकाळी लवकर निघा. धोलावीरेच्या हजारो वर्षांपूर्वीच्या हौदांसाठी निदान तीन तास ठेवा. हे हडप्पाकालीन शहर २०२१मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं, पण तिथे भर दुपारी सावली नसते.

मीठ चेनचा शत्रू आहे. रोज संध्याकाळी केरोसिनच्या फडक्यानं पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑइल लावलं. तिसऱ्या दिवशी चेन पुसताना स्प्रॉकेटमागे (चेनच्या दातेरी चाकामागे) मांजाचा गुंता सापडला, उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांचा उरलेला. तो एक्सलच्या सीलमध्ये घुसला तर सील कापतो, चिमट्यानं सगळा काढा. जानेवारीच्या मध्यावर गुजरातमध्ये बाइकनं जाणार असाल तर हँडलवर तारेची कमान लावल्याशिवाय जाऊ नका. तिकडे स्कूटरवाले सर्रास लावतात, गळा वाचतो.

परतल्यावर पहिल्या सकाळी दोन्ही गाड्या साध्या पाण्यानं, दाब न मारता, रिमच्या आऱ्यांपासून सायलेन्सरच्या खालपर्यंत धुतल्या. ऑइल काढलं, ड्रेन बोल्टचा वायसर आणि फिल्टरची ओ-रिंग नवी टाकली, या वेळी मी शेजारी उभी राहून. बटन टायर एका मित्राला दिले, तो जूनमध्ये स्पितीला जातोय. माझ्यासाठी डांबराचे सांगून ठेवले आहेत.