तुम्ही विचारलंत म्हणून: वसाबी महाबळेश्वरला होईल का?

भारतात आलो की कुणीतरी विचारतंच, आणि व्हॉट्सॲपवर तर विचारणं चालूच असतं, की तुम्ही जपानमध्ये शिझुओकाला राहता, सुट्टीच्या दिवशी तिथल्याच इझू द्वीपकल्पात वसाबीच्या, म्हणजे जपानी जेवणात किसून खातात त्या तिखट हिरव्या कंदाच्या, शेतावर हाताखाली कामाला जाता, मग सांगा ना, आमच्याकडे महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी होते तर वसाबी का नाही होणार, भाव तर केवढा आहे म्हणे!

भाव आहे, खोटं नाही. चांगल्या मझुमा जातीचा एक कंद दुकानात हजार येनच्या पुढे जातो. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि ते हवेमुळे कमी आणि पाण्यामुळे जास्त.

कसं ते सांगतो. वसाबी मोहरी-कोबीच्या कुळातली, मूळची जपानच्या डोंगरातल्या ओढ्याकाठची. तिला बारा-तेरा डिग्रीचं पाणी लागतं, स्वच्छ, वाहतं, आणि बाराही महिने, म्हणजे मे महिन्यातही तेवढंच आणि जानेवारीतही तेवढंच. इझूत आमागीचा डोंगर ज्वालामुखीच्या खडकाचा आहे, वर धो धो पाऊस पडतो, तो खडकात मुरतो आणि खाली झऱ्यातून थंडगार बाहेर येतो, वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचा. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान साधारण त्या जागेच्या हवेच्या वर्षाच्या सरासरी तापमानाएवढं असतं. महाबळेश्वरला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो हे मान्य, पण तो चार महिन्यांत पडून कोयनेला-कृष्णेला निघून जातो, उन्हाळ्यात झरे बारीक होतात, आणि तिथलं पाणी बारा-तेराचं नसतं, कितीतरी गरम असतं. पाणी सतत अठराच्या पुढे राहिलं की कंद सडायला लागतो, मग कितीही शेडनेट लावा.

आणि शेत म्हणजे काय हे बघितल्याशिवाय कळत नाही. इझूच्या पद्धतीला ‘तातामी-इशी’ म्हणतात, ती १८९२ च्या सुमारास तिथेच बसवली गेली. डोंगराच्या उताराला टप्पे पाडायचे, आपल्याकडे भाताला पाडतात तसे, पण आत माती नाही! तळाला मोठे धोंडे, त्यावर त्याहून लहान दगड, मग खडी, आणि सगळ्यात वर वाळू. वरून पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहतो आणि काही पाणी वाळूतून खाली झिरपतं, गाळलं जातं, मुळांना ऑक्सिजन देऊन खालच्या टप्प्यात उतरतं. खत जवळपास काहीच नाही, जे काय मिळायचं ते त्या पाण्यातूनच. एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, शिझुओकाच्या या शेतीला २०१८ मध्ये जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली, आणि लागवडीची सुरुवात सांगतात ती उतोगी गावातली, चारेकशे वर्षांपूर्वीची.

मातीत वसाबी होतच नाही असं नाही हं. होते, पण मुळं स्वतःच जे तिखट द्रव्य सोडतात त्यानेच झाडाची वाढ खुंटते, वाहत्या पाण्यात ते धुऊन जातं म्हणून तिथे कंद मोठा होतो. मातीतल्या झाडाचे पाने-देठ लोणच्याला, पेस्टला वापरतात. किसायचा कंद पाण्यातलाच.

आता लागवड. बी वाळलं की गेलं, म्हणून ते ओलं आणि थंड ठेवावं लागतं. बरेच शेतकरी जुन्या झाडाचे फुटवे लावतात, किंवा टिश्यू कल्चरची रोपं विकत घेतात, केळीची येतात तशी. वाळूत खड्डा करून रोप बसवायचं आणि शेजारी एक लहान दगड टेकवायचा, नाहीतर पाणी घेऊन जातं. हे मी स्वतः केलंय, कंबर मोडते आणि गमबुटाच्या आत पाय बधिर होतात. पुढे मग वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षं राखण. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या इथेही येतात, आणि औषध मारायचं म्हटलं तर तेच पाणी खाली नदीला जातं, म्हणून हाताने वेचत बसायचं. हरणं आणि रानडुकरं वेगळीच, त्यांच्यासाठी कुंपण. उन्हाळ्यात सावली लागते, इझूत त्यासाठी टप्प्यांमध्येच झाडं ठेवतात आणि नागानो या दुसऱ्या प्रांतात, आझुमिनोला, सपाट शेतावर काळी जाळी ताणतात. वादळाचा तर भरवसाच नाही, २०१९ च्या हागिबिस वादळात इझूतले कितीतरी टप्पे वाहून गेले, आणि पडलेला दगडी बांध परत रचायला आता माणसंच मिळत नाहीत, सगळे सत्तरीतले.

हिवाळा संपता संपता पांढरी चार पाकळ्यांची फुलं येतात, ते कोवळे दांडे भाजी म्हणून विकतात. उकळतं नाही, जरा निवलेलं गरम पाणी टाकायचं आणि बरणीत बंद करून हलवायचं, मग तिखटपणा येतो. मला विचाराल तर कंदापेक्षा हेच भारी.

काढणी म्हणजे सगळं झाड हाताने उपटायचं, मुळं-पानं छाटायची, फुटवे पुढच्या लागवडीला बाजूला काढायचे. आपण कंद म्हणतो ते खरं तर खोड, वर वाढत जातं आणि गळलेल्या पानांच्या खुणा अंगावर राहतात. आणि मग आख्खा वाफा उकरून वाळू-दगड धुवायचे, कारण गाळ साचला की पाणी झिरपत नाही. या कामाबद्दल कुणी विचारत नाही, सगळ्यांना भाव हवा असतो.

खायचं तर पानाच्या बाजूने किसायचं, शार्कच्या कातड्याच्या किसणीवर हळूहळू गोल फिरवत, सहाणेवर चंदन उगाळल्यासारखं. पेशी फुटल्यावरच तिखट तयार होतं आणि पंधरा-वीस मिनिटांत उडतं, त्यामुळे आधी किसून ठेवायचं नाही. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात ताटलीत येतो तो हिरवा गोळा बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश (मोहरीच्याच कुळातलं एक तिखट मूळ), मोहरी आणि रंग.

आणि तेच नाकात चढणारं तिखट हवं असेल तर आजीची फेसलेली मोहरी आठवा. रसायन एकच आहे, तेही मोहरी पाण्यात घोटल्याशिवाय सुटत नाही. थंड पाणी घ्या, झाकून दहा मिनिटं ठेवा, लोणच्यात घालायच्या आधी झाकण उघडून वास घ्या, काय म्हणतोय ते कळेल.

राहिला दुसरा प्रश्न, ‘येताना चार रोपं बॅगेत घालून आण ना’. नाही आणणार. रोपं भारतात आणायला आधी परवाना लागतो, निघताना तिकडचं तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, आणि एवढं सगळं करून आणली तरी पुण्याच्या एका मे महिन्यात ती जातील, मग फोन मलाच येणार.